सीतेची वेणी आणि तिचा अधिवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना सरत आला, की घाटात फिरणाऱ्यांकडून आणि कोकणातल्या बागायतदारांकडून झाडावर लोंबणाऱ्या या फुलांविषयी तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा संबंध दुसऱ्याशी येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीतेची वेणी म्हणजे नेमके कोणते फूल?

ही झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढणारी जंगली ऑर्किडची, म्हणजे आमरीची, एक प्रजाती आहे. तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटूझा. लिनियसने १७५३ मध्ये तिचे वर्णन वेगळ्या प्रजातिकुलात केले होते आणि १८२५ मध्ये ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला आजचे नाव दिले. हिंदीत तिला द्रौपदीमाला, असमियात कपौ फूल आणि कन्नडमध्ये सीताळे दंडे म्हणतात.

पाने जाड, चिवट आणि पट्ट्यासारखी असून खोडाच्या दोन बाजूंना दोन ओळींत येतात. प्रत्येक पानाला मधोमध लांबट पन्हळ असते आणि त्याचे टोक कुणी कुरतडल्यासारखे वेडेवाकडे दिसते. पानाच्या बगलेतून फुलांचा दांडा निघतो आणि वजनाने खाली लोंबतो. त्याच्यावर दीड-दोन सेंटिमीटरची फुले इतकी दाटीने येतात, की मधला दांडा दिसतच नाही. एका वेणीत शंभराहून अधिक फुले असणे नवलाचे नाही. फूल पांढरे, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके आणि पुढे आलेली जीभ, म्हणजे जिभेसारखी वेगळी पाकळी, गडद गुलाबी-जांभळी, असे त्याचे रूप असते.

२. हे तर आसामचे फूल आहे ना? मग महाराष्ट्रात कसे?

ते आसामचे आणि अरुणाचल प्रदेशाचे राज्यफूल आहे, आणि बोहाग बिहू या असमिया नववर्षाच्या सणातल्या नाचात मुली ते अंबाड्यात माळतात, म्हणून त्याची ओळख ईशान्येशी जोडली गेली आहे. प्रत्यक्षात ही प्रजाती भारत, श्रीलंका आणि नेपाळपासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि थेट फिलिपिन्सपर्यंत पसरलेली आहे. पश्चिम घाटात ती केरळ, कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या चारही राज्यांत आढळते. आपल्याकडे सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर आणि सातारा या जिल्ह्यांतल्या निमसदाहरित व ओलसर पानझडी जंगलांत, आणि जंगलालगतच्या जुन्या आमराया व देवरायांत ती दिसते. सह्याद्रीतल्या कित्येक आमरी जगात इतरत्र कोठेही सापडत नाहीत. ही त्यांपैकी नव्हे, आणि म्हणूनच तिच्याकडे थोडे दुर्लक्ष होते, असे मला वाटते.

३. झाडावर वाढते म्हणजे बांडगूळच झाले. आमच्या आंब्यावरून काढून टाकावी का?

काढू नये. हा गैरसमज इतका पक्का आहे, की दरवर्षी कितीतरी रोपे बागेच्या साफसफाईत खरवडून टाकली जातात, म्हणून याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

बांडगूळ अर्धपरोपजीवी असते. त्याची मुळे यजमान झाडाच्या लाकडात शिरतात, तेथून पाणी आणि क्षार ओढून घेतात, आणि बांडगूळ फार वाढले तर फांदीचा पुढचा भाग वाळू लागतो. आंब्यावर बांडगूळ जेथे चिकटलेले असते तेथे फांदीला गाठ आलेली दिसते. सीतेच्या वेणीची मुळे मात्र सालीच्या पृष्ठभागावरच राहतात. एखादे मूळ हलक्या हाताने उचलून पाहिले, तर ते सालीच्या खाचेत घट्ट चिकटलेले असते, पण साल भेदून आत गेलेले नसते. झाडाच्या रसाचा एक थेंबही ती घेत नाही. तिला झाडाकडून केवळ बसायला जागा, हवा आणि योग्य प्रमाणात ऊन हवे असते.

दोन्हींत फरक ओळखणे सोपे आहे. बांडगुळाला फांद्या फुटतात, त्याची पाने समोरासमोर येतात आणि ते दुरून वेगळ्याच झुडपासारखे दिसते. आमरीची जाड, राखाडी-पांढरी मुळे सालीवर उघड पसरलेली असतात आणि पट्ट्यासारखी पाने दोन ओळींत येतात. शंका असेल तर एक पावसाळा थांबून फूल पाहावे आणि मगच काय ते ठरवावे.

जुन्या, खंगलेल्या झाडांवर आमरी अधिक दिसते, म्हणून तिच्यामुळेच झाड खंगले असा निष्कर्ष लोक काढतात. कारण उलटे आहे : झाड जुने झाले, साल खडबडीत झाली, फांद्या विरळ होऊन ऊन आत येऊ लागले, म्हणून आमरी तेथे रुजली.

४. माती नाही, झाडाचा रस नाही, मग ती जगते कशावर?

पाऊस, धुके, दव आणि सालीवर साचणारा पालापाचोळ्याचा चुरा यांवर. यातली मुख्य करामत मुळांची आहे. मुळाभोवती मृत पेशींचा एक जाड, पांढुरका थर असतो आणि तो टीपकागदासारखा पाणी शोषून घेतो. कोरडे मूळ चंदेरी-राखाडी दिसते. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, की पाहता पाहता ते हिरवे होते, कारण थर भिजून पारदर्शक झाल्यावर आतले हरितद्रव्य दिसू लागते. म्हणजे ही मुळे पाणी तर घेतातच, शिवाय पानांप्रमाणे थोडे अन्नही तयार करतात.

पावसाळ्यातले चार महिने सोडले तर सह्याद्रीतले झाडाचे खोड ही जवळपास वाळवंटी जागा असते. फेब्रुवारी ते मे या काळात पाऊस नसतो, पानझडी झाडांची सावली गेलेली असते आणि वारा कोरडा असतो. जाड पानांतला पाण्याचा साठा तेव्हा उपयोगी पडतो. शिवाय अशा जाड पानांच्या अनेक वृक्षवासी आमरींमध्ये पानांवरची रंध्रे दिवसा मिटलेली राहतात आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून घेतात, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते. एप्रिलमध्ये सुरकुतलेले रोप मेले असे समजून काढून टाकण्याची घाई करू नये. वळवाच्या एक-दोन सरींनंतर ते सावरते.

५. ती कोणत्या झाडांवर शोधावी?

आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशा झाडांपासून सुरुवात करावी. झाडाच्या जातीपेक्षा त्याची साल आणि वय महत्त्वाचे आहे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खोल चिरांची असते आणि त्या चिरांत बी अडकते, ओल टिकते. ज्यांची साल दरवर्षी सोलून पडते, उदाहरणार्थ निलगिरी, त्यांच्यावर रोपाला मूळ धरून राहता येत नाही. गुळगुळीत सालीच्या तरुण झाडांवरही ती क्वचितच असते.

झाडावरची जागाही ठरलेली असते. अगदी शेंड्याकडे ऊन-वारा फार आणि बुंध्याशी सावली फार, म्हणून मुख्य खोडाचा वरचा भाग आणि पहिल्या जाड फांद्यांचे बेचके येथे नजर ठेवावी. दाट जंगलाच्या आतल्या भागापेक्षा जंगलाची कड, ओढ्याकाठ, पायवाटेलगतची जुनी झाडे आणि देवळाभोवतीचे वृक्ष येथे ती लवकर दिसते. देवरायांचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण कुऱ्हाड न लागलेले शे-दीडशे वर्षांचे झाड आता बहुधा तेथेच उरले आहे. तरुण लागवडीत कितीही झाडे असली तरी अशी साल आणि असे बेचके मिळत नाहीत.

क्वचित ती झाडाऐवजी सावलीतल्या खडकावरही वाढलेली आढळते. जमिनीतून वर येणारी आमरी दिसली तर ती ही नव्हे. पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आणि गवतात कंदातून उगवणाऱ्या हबेनारियासारख्या आमरी वेगळ्या आहेत.

६. फुले केव्हा येतात?

सह्याद्रीत साधारणपणे मे-जून, पुढेमागे थोडा फरक पडून. उंचीवर आणि दक्षिणेकडे वेळ बदलते. आसामात ती एप्रिलमध्येच फुलते, म्हणून तेथे बिहूशी तिचा मेळ बसला. वेणी दोन-तीन आठवडे टिकते, मात्र मोसमी पावसाचा पहिला जोराचा मारा बसला तर ती लवकर झडते. फुलांना मंद सुवास असतो. तो दुरून जाणवत नाही, फूल नाकाजवळ असावे लागते.

७. आमच्याकडे याच दिवसांत झाडावर गुलाबी घोस लोंबतो. ती सीतेचीच वेणी का?

बहुतेक वेळा ती एरिडीस या प्रजातिकुलातली आमरी असते. गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण एरिडीस मॅक्युलोझा आणि एरिडीस क्रिस्पा या दोन्ही सह्याद्रीत त्याच सुमारास, त्याच प्रकारच्या झाडांवर फुलतात आणि गावोगाव त्यांनाही हेच नाव दिले जाते.

तीन गोष्टी पाहाव्यात. सीतेच्या वेणीत फुले खेटून आलेली असतात, तर एरिडीसच्या घोसात ती सुटी-सुटी असून दांडा मधूनमधून दिसतो आणि कित्येकदा त्याला फाटे फुटलेले असतात. दुसरे म्हणजे फुलाची जीभ : सीतेच्या वेणीत ती अरुंद, अखंड असून तिच्या मागच्या बाजूला चपटी पिशवी असते. एरिडीसमध्ये जिभेचा मधला भाग पसरट असतो, क्रिस्पामध्ये त्याची कड झालरीसारखी कातरलेली असते आणि मागची सोंड शिंगासारखी पुढे वळलेली असते. तिसरी खूण पानांची, जी फुले नसतानाही कामी येते : एरिडीसची पाने तुलनेने रुंद असतात.

पिवळट-तपकिरी चौकटींची, निळसर-जांभळ्या जिभेची मोजकीच फुले उभ्या दांड्यावर आली असतील, तर ती वांडा टेसेलाटा. थंडी सरताना पाने नसलेल्या दांड्यांवर पांढरी फुले आली असतील, तर ती बहुधा डेंड्रोबियम बार्बाट्युलम.

८. एक वेणी पूर्ण पांढरी दिसली, एकही ठिपका नव्हता. ही वेगळी प्रजाती आहे का?

नाही. रंगद्रव्य नसलेली शुभ्र रोपे याच प्रजातीत अधूनमधून आढळतात. ती दुर्मीळ असल्यामुळे गोळा करणाऱ्यांची नजर त्यांच्यावर आधी जाते, तेव्हा अशा रोपाचे छायाचित्र टाकताना प्रश्न १५ चे उत्तर अवश्य वाचावे.

९. फुले इतकी येतात, तर रोपे इतकी कमी का?

यात दोन अडथळे आहेत. पहिला परागीभवनाचा. आमरीचे पराग सुटे नसतात. ते दोन घट्ट गोळ्यांच्या रूपात एका चिकट चकतीला जोडलेले असतात. कीटक फुलात शिरून परतताना ही जोडगोळी त्याच्या अंगाला चिकटते, आणि तोच कीटक दुसऱ्या फुलाच्या योग्य जागी पोचला तरच फळ धरते. त्यामुळे शंभर फुलांच्या वेणीवर मोजकीच फळे दिसतात. फळ म्हणजे उभ्या कंगोऱ्यांचे बोंड. ते काही महिन्यांनी पिकून तडकते.

दुसरा अडथळा अधिक कठीण आहे. एका बोंडात हजारो बिया असतात, पण प्रत्येक बी धुळीच्या कणाएवढे असते आणि त्यात रोपाला पोसणारा अन्नसाठा नसतो. बी वाऱ्यावर उडून खाचेत अडकले, तरी त्याच सालीवर योग्य बुरशी असावी लागते. ही बुरशी बीजात शिरते आणि रोपाला पाने येईपर्यंत त्याला अन्न पुरवते. आमरीच्या रुजण्यासाठी बुरशी लागते हे नोएल बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या पोषक माध्यमावर बुरशीवाचून बिया रुजवून दाखवल्या, आणि आजच्या प्रयोगशाळेतल्या आमरी-लागवडीचा पाया तेथे घातला गेला. जंगलात मात्र बुरशीला पर्याय नाही, आणि रुजलेल्या रोपाला फुलावर यायला पुढे कित्येक वर्षे लागतात.

१०. एका झाडावर दहा-बारा झुपके आणि शेजारच्या त्याच जातीच्या झाडावर एकही नाही, असे का?

वरच्या प्रश्नातली बुरशी हे त्याचे एक कारण. ती सगळ्या सालींवर सारखी नसते. दुसरे कारण, बिया फार दूर उडू शकत असल्या तरी बहुतेक जवळच पडतात, म्हणून एकदा एक रोप फुलले की त्याच झाडावर त्याचे गोत वाढते. तिसरे कारण माणसाचे : शेजारच्या झाडाच्या फांद्या कधी तरी तोडल्या गेलेल्या असू शकतात (प्रश्न १४). झुपक्यांनी भरलेले एक झाड तोडले, तर नुकसान एका झाडाचे नसते, आसपासच्या साऱ्या परिसराच्या बियांचा स्रोतच जातो.

११. जंगलातून एखादे लहान रोप घरी आणले तर काय बिघडते?

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर राखीव वनातली झाडे, वेली, फुले हे सारे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार वनोपज आहे आणि ते परवानगीशिवाय नेणे गुन्हा ठरतो. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो आणि तो अधिक कडक आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी साइटिस या, धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरील, कराराच्या परिशिष्टांत संपूर्ण आमरी कुलाचा समावेश आहे. ही प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात येते, म्हणजे परवान्याशिवाय रोप देशाबाहेर नेता येत नाही.

व्यवहाराच्या बाजूने पाहिले, तर सालीवरून उपटताना मुळे तुटतात, आणि तुटलेल्या मुळांचे रोप शहरातल्या गॅलरीत बहुधा वर्ष-दोन वर्षांत वाळते. हौस असेल तर रोपवाटिकेत बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने तयार केलेले रोप घ्यावे आणि ते कसे तयार झाले हे विक्रेत्याला विचारावे. सालीचे तुकडे चिकटलेली, जुनी, ओरखडलेल्या पानांची रोपे रस्त्याकडेला विकायला दिसली, तर ती जंगलातून ओरबाडलेली आहेत असे समजावे.

१२. वादळात फांदी मोडून पडली आणि तिच्यावर रोप आहे. तेही उचलायचे नाही का?

खासगी जागेत असेल तर ते अवश्य वाचवावे. वनजमिनीवर असेल तर आधी वनरक्षकाला सांगावे. जमिनीवर पडलेले रोप सावली, चिखल आणि गोगलगायींमुळे एका पावसाळ्यात कुजते.

पुनर्स्थापना करताना रोप फांदीवरून सोलून काढू नये. फांदीचा तेवढा तुकडा सालीसकट कापून घ्यावा. तो जवळच्याच, शक्यतो त्याच जातीच्या झाडावर, जेवढे ऊन पूर्वी मिळत होते तेवढेच मिळेल अशा जागी काथ्याने घट्ट बांधावा. नायलॉनची दोरी किंवा तार नको, कारण काथ्या दोन-तीन वर्षांत आपोआप कुजतो आणि तोवर नवी मुळे खोड धरतात. बांधताना पानांचा रोख असा ठेवावा, की पावसाचे पाणी बेचक्यात साचणार नाही. शेण, माती किंवा खत लावू नये. पावसाळ्याच्या तोंडाशी हे केले तर पाणी घालावे लागत नाही. हिवाळ्यात केले तर पहिला उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा तरी पाणी शिंपडावे लागते.

रस्तारुंदीकरणात तोडल्या जाणाऱ्या झाडांवरच्या रोपांनाही हीच पद्धत लागू होते. मात्र ती मधल्या काळात गोणपाटात गुंडाळून सावलीत, हवेशीर ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. झाड पाडण्याआधी वर चढून रोपे उतरवणे शक्य असेल तर तेच उत्तम, कारण झाड कोसळताना निम्मी रोपे चिरडतात.

१३. रोप न उपटता नुसती फुलांची वेणी खुडली तर?

रोप मरत नाही, पण त्या वर्षाच्या बिया गेल्या. आणि प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे फळे मुळातच मोजकी धरतात. शिवाय वेणी ओढली की अनेकदा तिच्यासोबत खोडाचा शेंडा दुखावतो. या आमरीचे खोड एकाच शेंड्याने वाढते. तो शेंडा गेला, तर बाजूने नवा कोंब फुटेपर्यंत वाढ थांबते.

१४. आमच्या भागात ती पूर्वी खूप होती, आता दिसत नाही. कारण काय?

जुनी झाडे गेली हे मुख्य कारण, बाकीची त्याच्या मागून येतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताचे दाढ (रोपांसाठीची जागा) भाजण्यासाठी, म्हणजे राबासाठी, ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून कवळ (पानांच्या डहाळ्या) घेतात. झाड जिवंत राहते, पण दर एक-दोन वर्षांनी फांद्या छाटलेल्या त्या खांबावर आमरीला बेचके उरत नाही. राब हा शेतीच्या गरजेचा भाग आहे आणि तो घेणाऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. झुपके असलेल्या एक-दोन फांद्या तेवढ्या राखाव्यात, ही विनंती मात्र बहुतेक शेतकरी सहज मान्य करतात. दुसरे कारण वणवे : आग जमिनीलगतची असली तरी तिची धग खालच्या फांद्यांपर्यंत पोचते आणि उघडी मुळे भाजतात. काजू-रबराच्या लागवडीसाठी मिश्र जंगल साफ करणे आणि देवराईच्या जागी सभामंडप बांधणे ही त्यापुढची कारणे.

१५. फोटो टाकताना ठिकाण लिहावे का?

तालुक्यापर्यंत लिहावे, त्यापुढे जाऊ नये, म्हणजे रोपे गोळा करणाऱ्यांना नेमकी जागा कळणार नाही. मोबाइलच्या छायाचित्रात अक्षांश-रेखांशाची नोंद आपोआप होते, ती काढून टाकावी.

१६. ही औषधी आहे का? रास्ना म्हणतात ती हीच का?

देशाच्या काही भागांत पारंपरिक उपचारांत तिचा वापर होतो, परंतु स्वतःच्या मनाने ती वापरू नये. रास्ना या नावाने बाजारात निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यांत वांडा टेसेलाटाची मुळे असतात, पण सीतेची वेणी म्हणजे रास्ना नव्हे.

१७. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला फूलच येत नाही.

बहुतेक वेळा ऊन कमी पडते. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी गाळीव प्रकाश हवा. गडद हिरवी, लुसलुशीत पाने हे सावली जास्त झाल्याचे लक्षण आहे. रोप कुंडीतल्या मातीत असेल तर आधी ते खडबडीत लाकडाच्या ओंडक्यावर किंवा अंगणातल्या झाडावर बांधावे. हिवाळ्यात पाणी कमी करावे, कारण निसर्गातही तिला कोरडा काळ मिळतो. वारंवार जागा बदलू नये. मुळे एकदा सालीला चिकटली की ती मोडल्याशिवाय सुटत नाहीत. आणि रोप लहान असेल तर वाट पाहण्यावाचून उपाय नाही.

१८. वाळलेल्या, निष्पर्ण झाडावर ती जोमाने फुललेली पाहिली. हे कसे? असे झाड तोडावे का?

ती झाडाच्या रसावर जगत नसल्यामुळे (प्रश्न ३) झाड मेल्यावरही तिचे तत्काळ काही बिघडत नाही. उलट सावली गेल्याने एक-दोन वर्षे फुले जास्तही येतात. पण मेलेल्या झाडाची साल सैल होऊन ढलप्यांनी सुटू लागते, आणि ढलपीबरोबर रोपही खाली येते. झाड घरावर किंवा वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर ते उभे राहू द्यावे, आणि साल सुटू लागलेली दिसताच प्रश्न १२ मधल्या पद्धतीने रोपे शेजारच्या जिवंत झाडावर बांधावीत. धोका असेल तर झाड उतरवण्याआधी रोपे उतरवावीत.